पत्र्याच्या छपराखाली अकरा माणसे

शाळेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एक सूचना मांडली गेली आणि टाळ्यांच्या गजरात ती संमतही झाली. शाळेतील शिक्षक व माजी विद्यार्थी यांचे एक लहानसे पथक दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या देशात, प्रामुख्याने नेपाळ किंवा श्रीलंकेत, सेवाकार्यासाठी जावे, अशी ती सूचना होती. तिच्या पाठोपाठ दुसरी सूचना आली. पथकाची उतरण्याची सोय चांगल्या हॉटेलात व्हावी आणि त्याचा भार परदेशात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. "आपल्या माणसांनी आणखी किती दिवस जमिनीवर झोपायचे?" असा सवाल सूचना मांडणाऱ्याने केला, तेव्हा सभागृह क्षणभर स्तब्ध झाले.

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जमिनीवर झोपणे ही आपल्या समाजाने स्वेच्छेने पत्करलेली साधना नव्हती. ते आपल्यावर लादले गेले होते. ज्याच्या आईने चार मुले एका गोधडीखाली वाढवली, त्याला आज आपल्या गुरुजनांना पलंग द्यावासा वाटला, तर त्यामागचा जिव्हाळा आम्ही जाणतो. तरीही या दुसऱ्या सूचनेला आमचा विरोध आहे. तो का आहे, हे सांगण्यासाठी आम्हांला काही वर्षे मागे जावे लागेल आणि आमची स्वतःची एक लाजिरवाणी चूकही कबूल करावी लागेल.

२५ एप्रिल २०१५ रोजी, दुपारचे बारा वाजण्यास चार मिनिटे कमी असताना, नेपाळची भूमी हादरली. जवळपास नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक मृत्यू एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातले होते. तो वार शनिवार होता. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून हजारो वर्गखोल्या कोसळल्या तेव्हा त्यांत मुले नव्हती. शिक्षकाच्या मनात ही एक गोष्ट घर करून राहते. वाराचा फरक असता तर काय झाले असते, हा विचार आम्ही आजही फार वेळ करू शकत नाही.

त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो: आम्ही दोघे शिक्षक, परिचारिका असलेली एक माजी विद्यार्थिनी, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला एक माजी विद्यार्थी आणि बी. ए. च्या अखेरच्या वर्षात शिकणारी एक मुलगी. काठमांडूतील एका परिचित भन्तेजींची चिठ्ठी खिशात होती. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, वाटेत लुंबिनीला वंदन, आणि मग काठमांडू. सीमा ओलांडताच घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, एवढाच काय तो परदेश, असे आम्ही समजत होतो.

ते किती चूक होते हे लगेच कळले. सप्टेंबरात नेपाळने नवे संविधान स्वीकारले होते आणि त्यानंतर सीमेवरून इंधन येणे जवळजवळ थांबले होते. तिथले लोक तिला भारताची नाकेबंदी म्हणत. भारत सरकार ते नाकारत होते. पेट्रोलपंपांवर मैलभर रांगा, बसच्या टपावर माणसे, घराघरांत रिकामी गॅस सिलिंडरे. अशा वेळी भारतातून आलेला मदतनीस म्हणजे काय, हे समोरच्याच्या नजरेत वाचता येत होते. कुणी अपशब्द वापरला नाही. पण पुढे वर्गात एका मुलाने आम्हांला सरळ विचारले की, भारताने गॅस का अडवला. इतिहासाचे एम. ए. असूनही आम्हांला त्या मुलासमोर एक वाक्य धड उच्चारता आले नाही.

चौताराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावी आम्ही पोचलो, तेव्हा स्वयंसेवकांसाठी बांधावयाच्या शेडचे बांबू उभे होते, परंतु पत्रे आलेले नव्हते. ट्रकला डिझेल नव्हते. म्हणून पहिले तीन दिवस आमची व्यवस्था गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी झाली. घर बाहुनांचे, म्हणजे ब्राह्मणांचे. वरचा मजला पडलेला, खालच्या मजल्याला तडे गेलेले. तशाही स्थितीत त्या कुटुंबाने आम्हांला आतली खोली दिली आणि स्वतः ओसरीला लावलेल्या ताडपत्रीखाली झोपले. त्यांचे हे ऋण आम्ही विसरू शकत नाही, आणि पुढची हकीकत सांगताना ते नजरेआड करू इच्छीत नाही.

पहिल्याच संध्याकाळी आजोबांनी आमचे 'थर' विचारले. थर म्हणजे कूळ-आडनाव. थर कळला की जात कळते. गावाच्या नावापुढे 'कर' लागलेली आमची आडनावे त्यांना काहीच सांगेनात. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे त्रिसरण-पंचशील म्हटले. पाली गाथा ऐकून आजोबांची मुद्रा उजळली. मास्तर आहेत, पहाटे उठून संस्कृत म्हणतात, म्हणजे हे तर महाराष्ट्राचे पंडित, असा निष्कर्ष त्यांनी परस्पर काढला आणि शेजाऱ्यांना तसे सांगितलेही. आम्ही हसलो. आम्ही खोटे बोललो नाही, हे खरे. आम्ही काहीच बोललो नाही.

आमच्याबरोबर चार नेपाळी स्वयंसेवक होते. त्यांपैकी चितवनहून आलेला एक तरुण सुतारकामात तरबेज होता. तो जेवणाच्या वेळी घरात येत नसे. ओसरीच्या कडेला बसे, चहा झाला की पेला स्वतः विसळून अंगणातल्या दगडावर पालथा घाली. त्याचा थर विश्वकर्मा. आपल्याकडे विश्वकर्मा म्हटले की सुतार-लोहार आठवतात, गावगाड्यातील बलुतेदार. त्यामुळे आमच्या ध्यानात काही आले नाही. नेपाळच्या डोंगराळ भागात मात्र विश्वकर्मा हे लोहारकाम करणाऱ्या 'कामी' समाजाचे आडनाव आहे आणि तो समाज अस्पृश्य मानला गेला. ज्या दिवशी हे कळले, त्या दिवशी दगडावरचा तो पालथा पेला आम्हांला दिसला. म्हणजे पेला दोन दिवस तिथेच होता. दिसला त्या दिवशी. आमच्या आजीच्या पिढीला गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली कानतुटकी कपबशी ठाऊक होती. आम्ही तिच्याविषयी वर्गात शिकवीत आलो आहोत.

नेपाळात ही उतरंड नुसत्या रूढीने टिकलेली नव्हती. १८५४ साली जंगबहादूर राणाच्या राजवटीत 'मुलुकी ऐन' नावाची संहिता झाली आणि तिने सबंध देशाला एका जातिक्रमात बसवले. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाचे चालत नाही, कोणाचा स्पर्श झाल्यास पाणी शिंपडून शुद्ध व्हावे, हे सारे कायद्याने ठरले. बुद्धाला मानणारे तामांग लोक त्यात गुलाम करता येण्याजोग्या वर्गात टाकले गेले. १९६३ साली नव्या संहितेने हा भेद रद्द केला आणि २०११ साली जातीय भेदभाव व अस्पृश्यता यांविरुद्ध स्वतंत्र दंडविधान झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूला गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले, तेव्हा त्या देशात जातिभेद कायद्याच्या पुस्तकातच होता. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हा इतिहास आम्हांला पाठ होता. तो पाठ असूनही आम्ही तीन दिवस पंडित म्हणून जेवलो.

तिसऱ्या रात्री कंदिलाभोवती बसलो असता आमच्यातील परिचारिका ताई म्हणाली, "सर, तीन दिवस आपण कोणाच्या नावावर जेवतोय?" कुणीच उत्तर दिले नाही. मग निमित्ते पुढे आली. घर त्यांचे आहे, संकटातले आहेत, आपण पाहुणे आहोत, वाद घालायला आलो नाही, काम अडेल. प्रत्येक निमित्त आपल्या जागी रास्त होते. हीच निमित्ते आपल्या गावातील सज्जन लोक आपल्या वाडवडिलांना ऐकवीत आले, हेही आम्हांला त्याच वेळी उमगत होते.

सकाळी आम्ही आजोबांना सांगितले. आम्ही पंडित नाही, आम्ही बौद्ध आहोत, आमचे पूर्वज अस्पृश्य गणले जात, आणि जो मुलगा बाहेर बसतो त्याच्यात नि आमच्यात त्या हिशेबाने फरक नाही. आजोबा बराच वेळ चुलीकडे पाहत राहिले. सरकारने ते सगळे केव्हाच काढून टाकले आहे, एवढेच ते म्हणाले. त्यांनी आम्हांला जा म्हटले नाही. मात्र दुपारचे जेवण आत वाढले गेले नाही; ते पत्रावळींवर शेडच्या जागी पोचते झाले. ते बघून आम्ही त्याच संध्याकाळी अर्धवट शेडमध्ये मुक्काम हलवला. निम्म्या भागावर पत्रे, निम्म्यावर ताडपत्री.

येथून आमचे खरे राहणे सुरू झाले. शेडमध्ये अकरा माणसे: आम्ही पाच, नेपाळी चार, आणि जर्मनीहून आलेले दोन तरुण. मधे बांबूच्या तट्ट्या लावून स्त्रियांसाठी एक भाग वेगळा केलेला. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर ताडपत्री, त्यावर सतरंज्या. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवलेले, त्यामुळे रात्री धरणी किंचित थरथरली तरी आधी छप्पर वाजे आणि मग आम्ही अकरा जण आपापल्या रजया गुंडाळून अंगणात उभे. थंडी हाडांत शिरणारी. शौचालय एक, तेही खड्ड्याचे, दाराऐवजी पत्र्याचा तुकडा. पाणी खालच्या धाऱ्यावरून आणायचे. जाताना दहा मिनिटे, भरल्या कळशीने येताना पंचवीस. गॅस नाही, म्हणून लाकूड. लाकूड ओले, म्हणून धूर.

अशा जागी माणूस चार दिवसांत उघडा पडतो. आमच्यातील एका गुरुजींना सकाळी कोणी बोललेले खपत नाही, हे वीस वर्षे एका शाळेत काम करून आम्हांला कळले नव्हते; ते तिथे कळले. जर्मन मुलांना वाटे की आम्ही भांडी राखेने घासतो म्हणजे ती स्वच्छ होत नाहीत. आम्हांला वाटे की ते पाणी फार वापरतात. दोन्ही तक्रारी आठवडाभर मनात राहिल्या आणि मग एका रात्री दोन्ही एकदम बाहेर पडल्या.

सर्वांत मोठा पेच स्वयंपाकाचा होता. पहिले चार दिवस चूल कोणी ठरवून दिली नव्हती, तरी ती आपोआप स्त्रियांकडे गेली. आमच्या दोघी, नेपाळी स्वयंसेविका एक. आम्ही पुरुष मंडळी बांबू तासून थकून येत होतो आणि गरम डाळ-भातावर बसत होतो. जातीच्या पंक्तीतून मोठ्या अभिमानाने उठून आलेले आम्ही लोक, आमच्या पंक्तीत ही दुसरी पंगत कशी मांडली गेली ते आमच्या ध्यानातही आले नाही. पाचव्या दिवशी बी. ए. ची विद्यार्थिनी म्हणाली की, ती पाणी आणणे, सरपण आणणे, पत्रे ठोकणे यांतले काहीही करील, आज भात मात्र शिजवणार नाही. त्या रात्री पाळ्या लागल्या. सुताराने एका फळीवर कोळशाने अकरा नावे लिहिली. आम्हा दोघा शिक्षकांच्या वाट्याला आलेला पहिला भात खाली करपला, वर कच्चा राहिला, आणि अकराही जणांनी तो मुकाट्याने खाल्ला.

एकत्र राहण्याची ही अडचण तथागतांच्या संघालाही चुकली नव्हती. कोसंबीच्या विहारातील ते सुप्रसिद्ध भांडण आठवा. एका भिक्खूने शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी तसेच राहू दिले, दुसऱ्याने त्यावर बोट ठेवले, आणि एवढ्याशा पाण्यावरून संघाचे दोन तट पडले. तथागतांनी समजावले, ऐकले गेले नाही, ते एकटेच निघून गेले. वाटेत त्यांना अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तिघे भिक्खू एकत्र राहताना भेटले. त्यांच्या सलोख्याचे जे वर्णन ग्रंथांत येते, त्यात ध्यानसमाधीच्या आधी घरकाम येते. भिक्षेवरून जो आधी परतेल तो आसने मांडतो, पिण्याचे आणि पाय धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो सारे आवरतो, जागा झाडतो. ज्याला रिकामा घडा दिसेल तो भरतो, आणि एकट्याला जड झाला तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो. आपल्या वसतिगृहात हा प्रसंग आम्ही कितीदा सांगितला असेल. रिकामी कळशी पाहून न पाहिल्यासारखे करण्याचा मोह किती प्रबळ असतो, हे मात्र त्या शेडमध्ये, पहाटे पाचच्या थंडीत समजले.

अन्नाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. तिथे 'कोदो' म्हणून जे धान्य मिळाले, ते आपले कोद्रू नसून आपली नाचणी निघाली. तिच्या पिठाचा उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा म्हणजे ढिंडो. आमच्यातील कोकणच्या गुरुजींना त्या गोळ्याने घर आठवले. तसेच अक्षरांचे. तिथली मुले आमचे मराठी पुस्तक अर्थ न कळताही खडाखडा वाचत, लिपी एकच ना. फक्त 'ळ'पाशी अडखळत. नेपाळीत ते अक्षर नाही. एका चिमुरडीने त्याचा उच्चार शिकण्यासाठी अख्खी दुपार आमचा पिच्छा पुरवला होता.

आता कामाचे. एकोणीस दिवसांत बांबू-पत्र्याचे दोन तात्पुरते वर्ग उभे राहिले. खरे सांगायचे तर ते आमच्यामुळे उभे राहिले नाहीत. सुतार आणि गावकरी यांनी ते आमच्याविनाही, कदाचित चार दिवस आधीच, उभे केले असते. आमचा डिप्लोमावाला विद्यार्थी उपयोगी पडला. परिचारिका ताई तर फारच उपयोगी पडली. आम्ही शिक्षकांनी उघड्यावर वर्ग घेतले, पत्रे धरले, पाणी वाहिले. आमच्या पाच जणांच्या प्रवासखर्चात जेवढे पत्रे आले असते ते त्या दोन वर्गांच्या छपराला पुरून उरले असते, हा हिशेब आम्ही परतीच्या गाडीत मांडून पाहिला. मेळाव्यातही एका ज्येष्ठ पालकांनी हाच मुद्दा काढला: पैसेच पाठवावेत. या आक्षेपाला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. आपत्ती ताजी असताना पैसे पाठवणेच बरे, असे आमचेही मत झाले आहे. माणूस पाठवायचा तर तो पाहुणा म्हणून जाता कामा नये. टंचाईच्या गावात हॉटेलात उतरणारा सेवक गावाचे डिझेल जाळून सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो; त्याला पालथा पेला कधी दिसत नाही. आणि घरमालकाच्या आतल्या खोलीत उतरणाराही तो पाहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. तेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीत पारशी नाव धारण करून त्यांना दिवस काढावे लागले, आणि ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. समाज तोच. परदेशातील वसतिगृहात ज्या समाजाच्या माणसाशी आयुष्यभराचे सख्य जडले, त्याच समाजाच्या सरायीचे दार स्वदेशात बंद झाले. बाबासाहेबांना दुसरे नाव घ्यावे लागले ते निरुपायाने. आम्हांला मात्र उपाय होता, आणि तरी आम्ही पंडितपण तीन दिवस अंगावर राहू दिले. ही तुलना मांडताना आमची मान खाली जाते.

श्रीलंकेचा विचार करणाऱ्यांना तेथील एक उदाहरण सांगावेसे वाटते. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातील ए. टी. आर्यरत्ने या तरुण शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना कनतोलुवा या गावी श्रमदानासाठी नेले. ती वस्ती रोडी समाजाची, म्हणजे बौद्ध म्हणवणाऱ्या समाजानेच बहिष्कृत ठेवलेल्या लोकांची. पुढे ज्या सर्वोदय श्रमदान चळवळीचे नाव जगभर झाले, तिचा आरंभ हा. एका शाळामास्तराला आपल्या धर्मबांधवांची अस्पृश्यता दिसली आणि मुलांना घेऊन तो तिथे गेला.

आपल्या धर्मबांधवांची म्हणण्याचे कारण आहे. आमच्या गावापासून वर चढून गेल्यावर तामांगांची वस्ती होती. अतिशय प्रेमळ माणसे. भूकंपाने सर्वांत जास्त सोसलेली. एका घरी आम्हा सर्वांना चहाला बोलावले. भिंतीवर बुद्धाचे चित्र, त्याखाली लोण्याचा दिवा. सुतार आमच्यामागून आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. त्याला आत ये असे घरातील कोणी म्हटले नाही. या वेळी आम्ही बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसलो. घरच्या बाईने काहीसे गोंधळून सगळ्यांचे पेले बाहेर आणून दिले. बुद्धाचे चित्र आतच राहिले. धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांतही कोणाच्या घरचे पाणी कोण पीत नाही, याची उदाहरणे वाचकांना आपापल्या तालुक्यातून आठवतील. आम्ही ती येथे मोजत नाही.

आजोबांचे काय झाले, असे आम्हांला नेहमी विचारतात. त्यांचा नातू आमच्या वर्गात येई. दहाव्या-अकराव्या दिवशी आजोबा एक भला मोठा भोपळा खांद्यावर घेऊन शेडच्या दाराशी आले आणि तो खाली ठेवला. नाकेबंदीने त्या आठवड्यात गावात मीठ मिळत नव्हते. आमच्याकडे दोन पिशव्या होत्या, त्यांतली एक त्यांना दिली. ती त्यांनी घेतली. जेवायला बसा म्हटले, तर आत्ताच जेवून आलो म्हणाले. वेळ सकाळी आठची होती. ते दारातल्या दगडावर घटकाभर बसले, सुताराने बसवलेली चौकट हाताने हलवून पाहिली, पक्की आहे म्हणाले, आणि गेले. भोपळा कच्चा होता, मीठही न शिजलेले; शास्त्राला धक्का लागला नाही. तरी खांद्यावरचे ओझे घेऊन ती चढण चढून आलेल्या माणसाला काय म्हणावे, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

त्या सुताराशी आमचा संपर्क आहे. तो आता काठमांडूत काम करतो. खोली शोधताना थर विचारला जातो, आणि थर ऐकल्यावर खोली कालच दिली गेलेली असते, असे तो सांगतो. २०२१ साली तिथे एका दलित तरुण पत्रकार महिलेला जात कळल्यावर खोली नाकारली गेली, घरमालकिणीला अटक झाली आणि तिची सुटका होताच एक मंत्रीच तिला आपल्या गाडीतून घरी सोडायला गेले, त्यावरून देशभर गदारोळ झाला, हे वृत्त काहींनी वाचले असेल. पुण्या-मुंबईत घर शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे आमची मागणी अशी आहे. पथक जावे, अवश्य जावे. परंतु त्याचा मुक्काम स्थानिक स्वयंसेवकांबरोबर, त्यांच्याच छपराखाली असावा आणि हॉटेलासाठी देऊ केलेला पैसा शिधा, सरपण व औषधे यांवर खर्च व्हावा, कारण गेलेले प्रत्येक तोंड हे त्या गावावर भार असते. वृद्ध वा आजारी शिक्षकांना खाट मिळाली तर त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी कळवावे की आम्ही कोण आहोत. थर विचारला जाण्याची वाट पाहू नये. चुलीची व शौचालयाची पाळी पहिल्याच रात्री लावावी, पाचव्या नव्हे. आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी आधी आठ दिवस आपल्याच वसतिगृहात येऊन राहावे: मुलांबरोबर जमिनीवर झोपावे, भोजनगृहात भाकऱ्या थापाव्यात, पहाटे मोरीपाशी रांगेत उभे राहावे. पंचवीस वर्षांत आपल्या वसतिगृहाने जे शिकवले ते परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या प्रिय विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा गिरवून पाहिले तर त्यांचा पलंग त्यांच्यापासून कोणी हिरावून घेणार नाही.

गेल्या महिन्यात सुताराला आम्ही दूरध्वनीवरून ही योजना सांगितली आणि बरोबर येशील का, असे विचारले. छपराचे तो पाहील म्हणाला. मात्र भाताची पहिली पाळी शिक्षकांची राहील, ही त्याची अट आहे. आम्ही ती मान्य केली आहे, आणि सध्या रविवारी सकाळी भोजनगृहात त्याचा सराव चालू आहे.